कोकोची वडी : नाताळच्या ताटातला उशिरा आलेला पाहुणा

नाताळच्या फराळाचे ताट थोडे थांबून पाहिले, तर त्यात चार-पाच शतकांचा इतिहास शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. करंजी या मातीतली. तिच्या पोटातले खोबरे, गूळ आणि वेलदोडेही येथलेच. दोदोल तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या रसाचा आणि काळ्या गुळाचा. पेराद ज्या पेरूची होते तो पेरू आणि मार्झिपानमध्ये बदामाची जागा घेणारा काजू ही दोन्ही फळे अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांनी आणली आणि ती कोकणच्या किनाऱ्यावर अशी रुजली, की ती परकी आहेत हे आज मुद्दाम सांगावे लागते. या सर्वांच्या कडेला, बहुधा चकचकीत कागदात गुंडाळलेली, चॉकलेटची एखादी वडी असते. ताटातली ही सर्वांत धाकटी. लहान मुलांचा हात प्रथम तिच्याकडेच जातो, आणि मोठी माणसे तिला बाजारी, आधुनिक, उपरी समजतात.

ती उपरी आहे काय, हा प्रश्न आम्हांला विचारण्याजोगा वाटतो. चॉकलेट हे कॅथलिक जगाला सोळाव्या शतकापासून ठाऊक आहे. ज्या काळात वसई, साष्टी आणि गोव्याच्या धर्मग्रामांत नाताळचे ताट आकार घेत होते, त्याच काळात युरोपातील मठांत आणि राजवाड्यांत चॉकलेटचे पेले भरले जात होते. तरीही ते आपल्याकडे आले नाही. आले ते फार उशिरा, अगदी निराळ्या दाराने. आणि आल्यावर ते रुजले ते केवळ किनाऱ्यावरील जुन्या धर्मग्रामांत नव्हे. वऱ्हाडात, समुद्रापासून शेकडो मैल दूर, वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावी, जेथे नारळसुद्धा बाजारातून आणावा लागतो, तेथे घरी केलेल्या चॉकलेटच्या वडीला जे काम करता येते ते आपल्या जुन्या मानाच्या पक्वान्नांना साधत नाही. ते काम कोणते, हे पुढे येईलच. आधी त्या पाहुण्याची वाट पाहू.

कोलंबसाच्या चौथ्या सफरीत, १५०२ साली, होंडुरासच्या किनाऱ्याजवळ त्याच्या माणसांना एक मोठी व्यापारी होडी भेटली. तिच्यातील मालात बदामासारख्या दिसणाऱ्या बिया होत्या, आणि त्यांतली एखादी खाली पडली तर होडीतली माणसे ती अशी लगबगीने उचलत की जणू डोळाच निखळून पडला आहे, असे कोलंबसाच्या मुलाने लिहून ठेवले. त्या कोकोच्या बिया होत्या. त्या मुलखात त्या नाण्यासारख्या चालत. तेथील माया आणि अ‍ॅझटेक लोक त्या भाजून, वाटून, पाण्यात घुसळून पीत. त्यात मिरची घालत, साखर नसे. साखर त्या खंडात नव्हतीच.

हे पेय युरोपात नेमके कोणी प्रथम नेले याविषयी अनेक कथा आहेत. पण कागदोपत्री जी नोंद सापडते ती १५४४ सालची, आणि ती आपल्या धर्मसभेच्या इतिहासाशी निगडित आहे. डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूंनी ग्वाटेमालातील केक्ची माया लोकांच्या प्रमुखांना स्पेनचा राजपुत्र फिलिप याच्या भेटीस नेले. त्यांनी नेलेल्या नजराण्यात घुसळलेले चॉकलेट होते. ज्या प्रदेशातून ते आले तेथे तलवारीऐवजी उपदेशाने धर्मप्रसार करण्याचा आग्रह बार्तोलोमे द लास कासास या डॉमिनिकन धर्मगुरूने धरला होता. तद्देशीयांवर लादलेल्या वेठबिगारीविरुद्ध त्याने जन्मभर लेखणी चालविली आणि त्याच वर्षी त्याला चियापासचा बिशप म्हणून अभिषेक झाला. चॉकलेटची युरोपातील पहिली पावले अशा माणसाच्या कार्याच्या आसपास पडावीत, हे आम्हांला लक्षात ठेवण्यासारखे वाटते. कोको आणि वेठबिगार यांचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच चियापासमध्ये, पुढच्या शतकात, चॉकलेटवरून एक विलक्षण तंटा झाला. टॉमस गेज नावाच्या इंग्रज धर्मगुरूने तो १६४८ साली आपल्या प्रवासवर्णनात नोंदविला. तेथील श्रीमंत स्त्रिया मिस्सा चालू असताना दासींकरवी गरम चॉकलेट मागवून पीत. इतकी दीर्घ मिस्सा आणि प्रवचन आपल्या नाजूक पोटाला पेलत नाही, असे त्यांचे म्हणणे. बिशप बर्नार्दिनो द सालाझार यांनी देवळात खाणे-पिणे करणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याची सूचना दारावर लावली. स्त्रियांनी कॅथीड्रल सोडले आणि त्या मठांच्या चॅपेलांत मिस्सेला जाऊ लागल्या. काही काळाने बिशप आजारी पडून वारले, आणि त्यांना चॉकलेटमधूनच विष दिले अशी वदंता उठली. गेज पुढे कॅथलिक धर्म सोडून प्रोटेस्टंट झाला व त्याने हे पुस्तक त्या पंथाच्या वाचकांसाठी लिहिले, म्हणून त्याची साक्ष जपून घ्यावी. पण देवळात शिरणारा पेला ही अडचण खरी होती.

त्याहून गंभीर वाद उपवासाचा होता. चॉकलेटने उपवास मोडतो की नाही? पाणी पिऊन उपवास मोडत नाही. मग पाण्यात कालवलेला कोको हे पेय की अन्न? स्पेनच्या राज्यातील विद्वान आंतोनिओ द लेओन पिनेलो याने या एकाच प्रश्नावर १६३६ साली माद्रिदमध्ये एक ग्रंथ छापला. डॉमिनिकन लेखक सामान्यतः कडक बाजूचे, येशूसंघीय सौम्य बाजूचे. येशूसंघाचे दक्षिण अमेरिकेत कोकोच्या व्यापारात हितसंबंध होते, हे विरोधक आवर्जून सांगत. अखेर १६६४ मध्ये कार्डिनल फ्रान्सेस्को मारिया ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये निबंध प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही, आणि पाण्यात केलेले चॉकलेट हा द्रव पदार्थ होय. साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते काय, यावर आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे जी चर्चा रंगते तिची आठवण येऊन वाचकाला हसू आले तर आमची हरकत नाही. माणसाची जीभ आणि त्याचे व्रत यांची ही ओढाताण सर्व धर्मांत सारखीच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. गोवा तर १९६१ पर्यंत. ब्राझील हाही पोर्तुगालचाच मुलूख आणि तेथील रानांत कोको आपोआप वाढे. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची, बटाटा हे सारे इकडे पोचले आणि कोको तेवढा राहिला, याचे एक कारण बीमध्येच आहे. काजूची बी वाळवून महिनोन् महिने ठेवता येते. कोकोची ओली बी फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत मरते. तिला सहा-सहा महिन्यांचा सागरी प्रवास झेपत नाही. रोपे न्यावी लागतात, आणि त्यांना सावली, दमट हवा व सतत पाणी हवे. दुसरे कारण असे की चॉकलेटचा शोक हा मुळात स्पेनचा आणि तोही श्रीमंतांचा. म्हणून स्पेनने तो आपल्या मार्गाने पूर्वेला नेला. मेक्सिकोतील आकापुल्को बंदरातून मनिलाला जाणाऱ्या जहाजांनी सतराव्या शतकात कोकोची रोपे फिलिपिन्सला पोचली. आजही तेथील कॅथलिक लोक नाताळपूर्वीच्या नऊ पहाटेच्या मिस्सांना जातात आणि नाताळच्या त्या दिवसांत त्यांच्याकडे गरम चॉकलेट प्याले जाते. एकाच धर्माची, एकाच खंडातली दोन माणसे. एकाच्या नाताळात तीनशे वर्षांचे चॉकलेट, दुसऱ्याच्या नाताळात तीनशे वर्षांची पेराद. जहाज कोणत्या बंदरातून सुटले, एवढाच फरक.

शब्दाचीही साक्ष आहे. बटाटा, अननस, पाव, काजू हे आपले शब्द पोर्तुगीज बोलीतून आले आणि तसा उच्चार त्यांना चिकटून राहिला. चॉकलेट हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असता तर आपण आज ‘शुकुलात’ असे काहीतरी म्हणत असतो. आपण म्हणतो ते इंग्रजी वळणाचे ‘चॉकलेट’. खेड्यात ‘चाकलेट’, आणि त्याचा अर्थ तेथे बहुधा कागदात गुंडाळलेली कोणतीही साखरेची गोळी असा. वस्तूच्या आधी नाव पोचले, असा हा मामला.

इंग्रजांनी १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुर्ताळम येथे कोकोची काही झाडे लावली. त्यातून पीक म्हणावे असे काही उभे राहिले नाही. दरम्यान युरोपात चॉकलेटचे रूपच पालटले. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हाउटन यांच्या दाबयंत्राने बियांतले तूप वेगळे काढता येऊ लागले आणि मागे उरलेल्या चोथ्याची कोको पावडर झाली. इंग्लंडमध्ये १८४७ च्या सुमारास फ्राय यांच्या कारखान्यात खाण्याची चॉकलेटची वडी घडली. स्वित्झर्लंडमधील व्हेवे या गावी डॅनिएल पीटर यांनी १८७५ मध्ये तिच्यात दूध मिसळले. येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. व्हेवेपासून फार लांब नसलेल्या सॅव्हॉयमधील आनसी या शहरातून संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले होते, आणि मध्य भारतातील कॅथलिक धर्मकार्याचा मोठा भार त्यांनीच वाहिला. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला तो त्यांच्याच कार्यक्षेत्रातून. त्यांच्या जन्मभूमीच्या शेजारी दुधाचे चॉकलेट तयार होत असताना त्यांच्या कर्मभूमीत, वऱ्हाड-नागपुरात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी माणसे उपाशी मरत होती. प्रश्न भाकरीचा होता. त्या पिढीच्या नाताळाला गोडाधोडाची कल्पना गुळाच्या खड्यापलीकडे जात असेल असे वाटत नाही.

चॉकलेट भारतीय घरात शिरले ते स्वातंत्र्यानंतर. कॅडबरी कंपनीने १९४८ साली मुंबईत आपले बस्तान बसविले; प्रारंभी बाहेरून आलेला माल येथे वेष्टनांत भरून विकला जाई. १९६५ पासून केरळात कोकोची लागवड करण्याचे प्रयत्न सुरू झाले. तरीही तयार चॉकलेट ही सामान्य धर्मग्रामीय कुटुंबाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. आपल्या घरांत ज्याने खरा फरक पडला ते चॉकलेट नव्हेच. त्या दोन वस्तू होत्या : कोको पावडरचा लहान डबा आणि दुधाची पावडर.

दुधाच्या पावडरीची कथा आमच्या मते पुरेशी सांगितली जात नाही. म्हशीच्या दुधाची पावडर होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. आणंद येथे एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली, आणि १९५५ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील कारखान्याचे उद्घाटन झाले. त्या सहकारी चळवळीचे व्यवस्थापन सांभाळणारे वर्गीस कुरियन केरळातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. महाराष्ट्रातल्या गृहिणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा झाला की, खवा आटवण्यासाठी चुलीपुढे जो तास-दीड तास बसावे लागे तो वाचला. दुधाचा घट्टपणा डब्यात मिळू लागला.

मग तिने जे केले ते अगदी मराठी होते. तिने चॉकलेटची वडी थापली.

ज्यांचे बालपण १९७० आणि १९८० च्या दशकांत गेले त्यांना ही वडी आठवेल. एक वाटी साखर बुडेल इतके, म्हणजे साधारण अर्धी वाटी पाणी घालून पाक चढवायचा. दोन वाट्या दुधाची पावडर आणि तीन-चार मोठे चमचे कोको एकत्र करून दोनदा चाळायचे. एकदा चाळून भागत नाही, कारण कोकोच्या बारीक गुठळ्या पाकात फुटत नाहीत आणि मग खाताना जिभेवर कडू ठिपके लागतात. पाक बोटांत धरून पाहायचा. एकतारी झाला की शंभर ग्रॅम लोणी सोडायचे, ते विरघळले की पातेले उतरवून चाळलेले मिश्रण थोडे थोडे घालत एकाच दिशेने घोटायचे. कडा सुटू लागल्या की तूप लावलेल्या थाळीत ओतायचे, वाटीच्या बुडाने सारखे करायचे आणि कोमट असतानाच सुरीने रेषा पाडायच्या. पाक कच्चा राहिला तर वडी चिकट होते, पुढे गेला तर भुगा होतो. लोण्याऐवजी तूप वापरणारी घरेही आहेत. चव निराळी येते, वाईट नव्हे. वरून चारोळी किंवा शेंगदाण्याचा जाडसर कूट.

कोणत्याही स्विस कारागिराने याला चॉकलेट म्हटले नसते. यात कोकोचे तूप जवळजवळ नाही. साच्यात ओतणे नाही, तुकडा मोडताना होणारा तो कडक आवाज नाही. पण एकतारी पाक, घोटणे, थापणे आणि वड्या पाडणे ही सारी क्रिया खोबऱ्याच्या आणि आंब्याच्या वडीची आहे. अमेरिकेतली बी, हॉलंडची पावडर, गुजरातचे दूध आणि हात मात्र आपल्या आजीचा. पेरूचे जे सोळाव्या शतकात झाले तेच कोकोचे विसाव्या शतकात झाले. परदेशी फळ आले, आणि येथल्या पाकात शिजून ताटात बसले. म्हणून ही वडी उपरी आहे असे आम्हांला म्हणवत नाही.

आता धनजकडे जाऊ. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले हे गाव आपल्या पुष्कळ वाचकांनी नकाशातही पाहिले नसेल. वाशीम जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. कापूस, तूर आणि सोयाबीन यांचा हा मुलूख. धर्मसभेच्या दृष्टीने तो १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. वसईत एका पाड्यावर जितकी कॅथलिक घरे असतात तितकी येथे कित्येक मैलांत नसतात. अशा ठिकाणी कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी सरकारी नोकर आपल्या कुटुंबासह राहतो. मिस्सेसाठी दूर जावे लागते. नाताळच्या रात्री गल्लीत कॅरल गात फिरायला दुसरे कोणी नसते. फराळ करायला शेजारच्या चार बायका पोळपाट घेऊन येतील आणि रात्रभर कुलकुले वळतील, हेही नाही.

किनाऱ्यावर नाताळचे ताट एका कॅथलिक घरातून दुसऱ्या कॅथलिक घरात जाते. गोव्यात त्याला ‘कोन्सुआद’ म्हणतात, मंगळूरकडे ‘कुस्वार’. देणारा आणि घेणारा दोघांनाही त्यातल्या प्रत्येक पदार्थाचे नाव ठाऊक असते. धनजसारख्या गावी ते ताट जाते ते सगळेच्या सगळे अन्य धर्मीय शेजाऱ्यांकडे. दिवाळीत त्या घरांतून चकल्या आणि अनारसे आलेले असतात. ते ताट रिकामे परत करायचे नसते, हा महाराष्ट्राचा नेम. आणि येथेच आपल्या मानाच्या पक्वान्नांची अडचण होते. केकमध्ये अंडे. बिबिंकेत तर कितीतरी अंड्यांचा बलक. खुद्द कारंजा हे जैनांचे जुने पीठस्थान, आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव म्हणून दत्तभक्तांचे क्षेत्र. आसपासच्या गावांत माळकरी घरेही पुष्कळ. माळकरी शेजाऱ्याच्या घरी केक पाठवायचा म्हणजे एकतर त्याला कोड्यात टाकायचे किंवा तो न सांगता खाऊ घालून फसवायचे. दुसरी गोष्ट तर कोणत्याही सणाला न शोभणारी.

चॉकलेटच्या वडीत अंडे नाही, मद्य नाही, जिलेटिन नाही. आहे ते दूध, साखर, लोणी आणि एका झाडाची बी. शेजारणीने विचारले तर सर्व जिन्नस ओट्यावर मांडून दाखविता येतात. ज्या घरी मुले आहेत तेथे ती काय आहे हे समजावून सांगावे लागत नाही. करंजी पाठवली तर ‘ही तर आमचीच’ म्हणून स्वागत होते, आणि तेही चांगलेच. पण ‘हे तुमच्या नाताळाचे’ असे म्हणून मुले ज्याची वाट पाहतात ते ही वडी. ज्या गावात घंटा वाजत नाही, तेथे आज ख्रिस्तजयंती आहे ही वार्ता घरोघर पोचविण्याचे काम ते ताट करते. काही कर्मठ घरे मांसाहारी स्वयंपाकघरातले काहीच घेत नाहीत. तीही असतात, आणि त्यांचा राग धरण्याचे कारण नाही. अशा ठिकाणी चार संत्री पाठवावीत.

हवामानाचेही येथे साहाय्य आहे. कोकोचे तूप चौतीस अंशांच्या आसपास वितळते. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या बराच वर जातो. मे महिन्यात धनजला चॉकलेटची पुडी उघडावी तर हाताला चिखल लागतो. पण डिसेंबरच्या रात्री येथे चांगल्या गार असतात. वसई-मुंबईच्या दमट हवेत चॉकलेट आवळायला शीतकपाट लागते, आणि तेथून बाहेर काढताच त्यावर घाम सुटतो. वऱ्हाडात थाळी रात्री जाळीच्या कपाटात ठेवली तरी सकाळी वडी आवळलेली असते. हवा कोरडी असल्यामुळे ती आठवडाभर बिघडत नाही. भारनियमनाच्या दिवसांत तेथील गृहिणींना याचे मोल कळले असेल.

१९९० नंतर चॉकलेटचा दुसरा अवतार घराघरांत आला. चॉकलेटची तयार लादी आणायची, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायची, साच्यात ओतायची, झाले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये पूर्वी दुधाच्या ‘मिल्क क्रीम’साठी आणि मार्झिपानसाठी रबरी साचे मिळत, त्याच फुलांत, पानांत आणि शिंपल्यांत आता चॉकलेट पडू लागले. पाकाची भीती गेली. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमते, आणि मुलांनी नाताळच्या कामात हात घालावा हे चांगलेच आहे. म्हणून या सोप्या पद्धतीला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र लादी घेताना तिच्यामागचा मजकूर वाचावा. स्वस्त लादीत कोकोच्या तुपाऐवजी वनस्पती तेलापासून केलेली चरबी असते; ती पटकन आवळते, चकाकते, आणि जिभेवर मेणासारखी रेंगाळते. खऱ्या कोकोच्या तुपाची लादी अधिक महाग, आणि तिचे थोडे लाड करावे लागतात. पंचेचाळीस अंशांपर्यंत वितळवून, सत्तावीसच्या आसपास उतरवून, पुन्हा एकतीसपर्यंत आणावी लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढुरकी साय दिसते. ती बुरशी नव्हे. खायला हरकत नाही. पाण्याचा एक थेंब जरी वितळलेल्या चॉकलेटमध्ये पडला तरी ते रवाळ होऊन थिजते, म्हणून भांडे कोरडे हवे आणि झाकणाची वाफ आत गळू देऊ नये.

आता त्या बीविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या चॉकलेटला लागणारा बराचसा कोको आफ्रिकेजवळच्या साओ तोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून येई. तेथे अंगोलातून नेलेले मजूर नावाला करारावर आणि वस्तुतः गुलामीत राबत. कॅडबरी हे धार्मिक वृत्तीचे, गुलामगिरीविरोधी परंपरेचे क्वेकर कुटुंब. १९०१ मध्ये त्यांच्या कानावर ही गोष्ट आली. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने १९०६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कंपनीने तो कोको घेणे थांबविले ते १९०९ मध्ये. मधली आठ वर्षे चौकशीत गेली. हेतू चांगला असलेल्या माणसांनाही नफ्याच्या वस्तूपासून हात काढून घ्यायला किती वेळ लागतो, त्याचा हा दाखला आहे. ज्या कॅथलिक राजसत्तेने आपल्या किनाऱ्यावर देवळे बांधली तिच्याच झेंड्याखाली ती बेटे होती, हेही लपविण्यात अर्थ नाही.

आज जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठातील एका संशोधनसंस्थेच्या २०२० सालच्या पाहणीनुसार तेथील कोको पिकविणाऱ्या भागांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती. २०२४ च्या डिसेंबरात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. पण भाव चढला म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडते, असे नाही. कापसाचे भाव पाहणाऱ्या वऱ्हाडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत आता माडाच्या व सुपारीच्या बागांतून कोको पिकतो. कर्नाटकात पुत्तूर येथे सुपारी व कोको उत्पादकांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. नाताळची लादी विकत घेताना हे नाव पाहून घेतले, तर पैसा कोठे जातो याची थोडी तरी खूण राहते.

धनजच्या घरांसाठी आणखी एक सुचवावेसे वाटते. अमरावती-वाशीमकडच्या संत्र्यांचा आंबिया बहार नेमका नाताळच्या आसपास बाजारात असतो. संत्री खाल्ली जातात आणि साली उकिरड्यावर पडतात. त्या सालींच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापून तीन वेळा पाण्यात उकळाव्यात आणि प्रत्येक वेळी पाणी फेकून द्यावे. कडवटपणा त्या पाण्याबरोबर जातो. मग सालींच्या वजनाइतकी साखर आणि बुडण्यापुरते पाणी घालून मंद आचेवर त्या काचेसारख्या दिसू लागेपर्यंत शिजवाव्यात. जाळीवर पसरून दोन दिवस सावलीत वाळवाव्यात आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये अर्ध्या बुडवून ताटात मांडाव्यात. पेराद किनाऱ्याची, ही पट्टी वऱ्हाडची. मुंबईच्या बाजारात असल्या पट्ट्या सोनेरी डब्यांत मोठ्या किमतीला मिळतात. येथे साल फुकट आहे.

ते ताट शेजारी गेले की लगेच परत येत नाही. तीन आठवड्यांनी संक्रांतीला येते, आणि त्यात तिळाची वडी असते. तिचा पाक गुळाचा असतो, एकतारीच्या पुढचा, गोळीबंद.